घुवैरच्या घळीतली मागणी

खितामच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या होत्या, पातळ रोट्यांची चवड होती, टोमॅटो, ऑलिव्ह आणि दह्याचा चक्का होता. पण तिचा जीव अडकला होता थर्मासात. थर्मासात वेलची घातलेली कडू कॉफी होती आणि शेजारी एका जाड लोकरी मोज्यात गुंडाळलेले दोन चिमुकले पेले. घुवैरची घळ वरून खालपर्यंत चालायची म्हणजे सात-आठ तासांचं काम, तेही पाण्यातून आणि धोंड्यांवरून. तिथे चिनी मातीचे पेले कुणी शहाणा माणूस नेत नाही. पण खिताम नुसती चालायला निघालीच नव्हती. ती मागणी घालायला निघाली होती.

शोबकमध्ये, म्हणजे तिच्या डोंगरातल्या गावात, मागणीची रीत अशी, की वीस-पंचवीस पुरुष झगे चढवून मुलीच्या घरी जातात. या मंडळींना जाहा म्हणतात. घरचा माणूस कॉफी ओततो. मंडळींचा म्होरक्या पेला हातात घेतो आणि एक थेंबही न पिता समोर खाली ठेवतो. आता मागितलेलं दिल्याशिवाय तो पेला उचलला जात नाही, आणि दारी आलेल्याची कॉफी न पिताच गार झाली तर घरच्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. त्या एका पेल्यापुढे खुनाची वैरं मिटली आहेत. तिथे एका विधवा बाईचा होकार तो काय मोठा, असा खितामचा हिशेब होता. हे काम पुरुषांचं, बायकांनी कधी केलेलं नाही, हे तिला माहीत होतं. पण त्यांना कुणी मनाई केल्याचंही तिच्या ऐकिवात नव्हतं.

मागणी होती तिच्या धाकट्या भावासाठी. खलफ चौपन्न वर्षांचा, लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला, आता सफरचंदांची बाग बघणारा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचा, मसुराचं सार करपवायचा आणि करपलेलं निमूट प्यायचा. आणि जिला मागायचं ती फिद्दा, खितामची पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचाही नवरा गेलेला. मुलगा सालिम अकबाच्या बंदरात नोकरीला होता आणि येत्या उन्हाळ्यात आईला कायमची घेऊन जाणार होता, सहाव्या मजल्यावरच्या घरात, जिथे शेळी सोडाच, पुदिन्याची कुंडी ठेवायचीही सोय नव्हती. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी खलफ फांद्या छाटता छाटता झाडाशीच बोलल्यासारखा म्हणाला होता, की उम्म सालिमच्या मनात काय आहे ते बघ जरा, नुसता अंदाज घे. फिद्दाला गाव उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, म्हणूनच ओळखत असे.

अंदाज घेणं खितामच्या स्वभावात नव्हतं. तीस वर्षं तिने मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता आणि अंदाजाने उत्तर लिहिणारीला कधी पैकीच्या पैकी दिले नव्हते. तिला पक्कं उत्तर हवं होतं, आणि नाही म्हणायची वाटच बंद करून टाकणारा पेला हाताशी असताना ती अंदाज कशाला घेत बसेल? लग्नानंतर स्वतः काय करायचं हेही तिने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. मआनला थोरल्या बहिणीकडे, नजाहकडे, राहायला जायचं. नव्या संसारात बिनलग्नाची नणंद म्हणजे बुटातला खडा, हे तिने चार घरांत पाहिलं होतं. ज्या घरात आपण अठ्ठावन्न वर्षं काढली ते सोडायचं या विचाराने तिला रात्र-रात्र झोप येत नसे. तरी भाऊ पुन्हा हसेल आणि फिद्दा शोबकमध्ये राहील, एवढ्यावर तिने मनाची समजूत घातली होती.

अडचण एकच होती. पेला ठेवायचा तो यजमानाच्याच घरी. आणि फिद्दाच्या घराला दार असून नसल्यासारखं, सकाळपासून शेजारणींची रीघ. पण तिचं आणखी एक घर होतं. तिच्या माहेरची माणसं बकऱ्या घेऊन थंडीत खाली फेनानच्या सपाटीवर जात, उन्हाळ्यात वर येत, आणि येता-जाता घळीतल्या एका कपारीत मुक्काम करत. फिद्दा जन्मली तीच मुळी त्या कपारीत. चाळीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. खितामने घळीतून चालत जायचा विषय काढला तेव्हा फिद्दाने आधी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, हे तुझेच आहेत की कुणाचे उसने आणलेस?

तर त्या दिवशी पहाटे बेकरीच्या गाडीने दोघींना घळीच्या वरच्या तोंडाशी, मन्सुराच्या उतारावर सोडलं. खलफ दुपारनंतर पिकअप घेऊन खालच्या अरबा खोऱ्यातल्या रस्त्याने वळसा घालून घळीच्या खालच्या तोंडाशी येणार होता. फिद्दाच्या पायात प्लास्टिकच्या चपला होत्या आणि हातात काठी. खितामने नवे कोरे बूट घेतले होते, आणि गळ्यात नकाशा होता.

"मिस, हा कागद कशाला?" फिद्दाने विचारलं. शाळेतल्या मुली म्हणायच्या म्हणून तीही चेष्टेत तिला मिस म्हणायची. "घळीला दोनच दिशा. वर आणि खाली. पाणी जिकडे जातं तिकडे जायचं."

खितामने तिला ऐकवलं, की या घळीतले दगड किती कोटी वर्षांचे आहेत हे तिने तीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलंय. आणि किती वेळा आलीस इथे, असं फिद्दाने विचारल्यावर ती नकाशाची घडी घालू लागली. एकदाही आली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला, आणि समोर तर खरोखरीच शेळ्या हाकलेली बाई उभी. फिद्दाने मान वर करून शोबकच्या बाजूचं आभाळ नीट न्याहाळलं, कारण वर ढग असला तर खाली घळीत माणसाला पळायला वेळ मिळत नाही. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. "चल," ती म्हणाली आणि उतरायलाही लागली.

पहिला तासभर पांढरट खडकाळ उतार होता. मग कुठूनतरी पाण्याची बारीक धार आली, तिला दुसरी मिळाली, आणि बघता बघता घोट्याएवढा ओढा त्यांच्या सोबतीने चालू लागला. दोन्हीकडचे कातळ जवळ येत गेले. लाल, पिवळे, जांभळे पट्टे असे वळणं घेत गेलेले, की खिताम उभी राहून तोंड उघडं टाकून बघत राहिली. डोक्यावर पन्नास-साठ पुरुष उंच भिंतीत, जिथे मूठभर मातीही दिसत नव्हती, तिथे खजुराची झाडं आडवी उगवली होती. ओल्या खडकावर हंसराजाची हिरवी जाळी लोंबत होती. कडेची कण्हेर नुकती फुलू लागली होती. हे सगळं तिने वर्गात सांगितलं होतं, फक्त ते असं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. फळ्यावर खडू चारच रंगांचे असायचे, हे ती स्वतःशीच पुटपुटली, आणि इतकी वर्षं आपण इथून दोन तासांवर बसून काय करत होतो याचा तिला राग आला. मग राग ओसरला आणि ती बुटांसकट डबक्यात शिरली, लहान मुलीसारखी.

बुटांनी पहिल्याच डोहात मान टाकली. ते पाणी प्यायले आणि दगडासारखे जड झाले. फिद्दाच्या चपलांतून पाणी येत होतं आणि जात होतं, तिचं काही अडत नव्हतं. पुढे एक घोडागाडीएवढा धोंडा आडवा पडला होता, त्यावरून घसरत खालच्या डोहात उतरायचं होतं. फिद्दा झगा आवळून सुर्रकन गेली. खिताम वर उकिडवी बसली, पिशवी छातीशी धरून.

"पिशवी टाक आधी. मी झेलते."

"नको."

"अगं, सोनं आहे का त्यात?"

खिताम पिशवी डोक्यावर धरून घसरली, कमरेएवढ्या पाण्यात बसली आणि तरी पिशवी डोक्यावरच होती. फिद्दा हसून हसून कातळाला टेकली. म्हणाली, निर्वासितांच्या बाया पोरं वाचवतात, ही बाई थर्मास वाचवते. तिला थर्मासाचं कसं कळलं म्हणून खिताम चमकली. पण वेलचीचा वास पहाटेपासून गाडीभर पसरला होता, तो बेकरीवाल्यालाही आला होता.

इथून खितामची पंचाईत सुरू झाली. कॉफी आहे हे कळल्यापासून फिद्दाला ती हवीच होती. पहिल्या मोकळ्या वाळूवर तिने फतकल मारली आणि म्हणाली, काढ. खिताम म्हणाली, आत्ता नको, पोटात आम्ल होतं. पुढच्या वळणावर फिद्दाने पुन्हा काढ म्हटलं, तर खिताम म्हणाली, उन्हात कॉफी चढते. तिसऱ्यांदा तर ती काहीच न सुचून म्हणाली, की थर्मासाचं झाकण अडकलंय. शेवटी फिद्दाने वाळक्या काटक्या गोळा केल्या, आपल्या झोळीतून काळीठिक्कर किटली काढली आणि डोंगरातल्या एका सुवासिक झुडपाची पानं टाकून चहा केला. त्याच विस्तवावर टोमॅटो परतले. दोघींनी रोटीने निपटून खाल्ले. चहा खितामने निवांत दोन पेले घेतला, कारण चहाला तसला काही मान नाही. चहा पिऊन कुणाचं वैर मिटल्याचं ऐकिवात नाही.

खाताना ती इकडचा-तिकडचा विषय काढून खलफकडे वळवायचा प्रयत्न करत राहिली. सफरचंदाचा मोहोर यंदा चांगला आहे, म्हणाली. फिद्दा म्हणाली, आहे. खलफने एकट्याने सगळी छाटणी केली, म्हणाली. फिद्दा म्हणाली, दिसतंय, तीन झाडं भादरून ठेवलीत. त्यापुढे विषय सरकेना. फिद्दा ओढ्यातल्या खेकड्याला रोटीचा तुकडा देत बसली होती आणि सालिमच्या घरातल्या लिफ्टबद्दल सांगत होती, की तिच्यात शिरलं की माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात.

दुपार कलायच्या सुमारास घळ एका जागी जराशी रुंदावली. डाव्या हाताला, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर, कातळ आत गेला होता. फिद्दाने काठी टेकली, वर पाहिलं आणि काहीही न सांगता चढू लागली, आणि खिताम धापा टाकत मागून गेली.

कपार म्हणजे एक लांबट ओसरीच होती. वरचा दगड धुराने काळा झालेला. चाळीस वर्षं पावसाचा थेंबही तिथवर पोचला नसावा, कारण काजळी तशीच होती, हात लावला की बोटाला लागत होती. कडेला तीन दगडांची चूल होती. फिद्दाने आधी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मग कण्हेरीची एक फांदी तोडून आणून सगळी कपार झाडून काढली, आणि झोळीतलं कांबळं अंथरून ती दाराशी उभं राहावं तशी उभी राहिली.

"ये, आमच्या घरी ये," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "बस. टेकून बस. ही आमच्या आईची जागा."

खिताम बसली. तिचे बूट पचपच करत होते, पण वेळ आली होती. तिने थर्मास आणि पेले काढून फिद्दाच्या हवाली केले आणि म्हणाली, घर तुझं, तूच ओत.

फिद्दाने डाव्या हातात थर्मास धरला, उजव्या हाताने पेला पुढे केला, अगदी रीतीप्रमाणे, तळाशी दोन घोट. आणि ओतता ओतता ती सांगू लागली. तिच्या आईला इथे कळा सुरू झाल्या तेव्हा बरोबर फक्त आजी होती. पुरुष बकऱ्या घेऊन पुढे गेले होते. आईने दोन हातांनी वरच्या त्या कंगोऱ्याला धरलं होतं, आणि आजी तिला सांगत होती, ओरड, घळीत कुणी ऐकत नाही, हवं तेवढं ओरडून घे. आई ओरडली नाही. पण फिद्दा जन्मल्यावर आजीच मोठ्याने रडू लागली, आणि तो आवाज घळीतून असा घुमत गेला, की खाली फेनानच्या वाटेवर पोचलेले पुरुष काहीतरी अशुभ घडलं समजून परत पळत आले. आले तर काय, दोघी बायका कॉफी पीत बसलेल्या. फिद्दा त्या कंगोऱ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. खितामचेही भरले. इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तिने हातातला पेला तोंडाला लावला, दोन घोटांत संपवला आणि बस झालं म्हणून मनगटाने हलवून परत दिला.

पेला फिद्दाच्या हातात गेला आणि मग खितामला कळलं.

ती रिकाम्या हाताकडे बघत राहिली. महिनाभराचा बेत, सहा तासांची तंगडतोड, डोक्यावर वाहिलेला थर्मास, आणि हातातोंडाशी आलेला घास तिने खरोखरीच तोंडात टाकला होता. म्होरक्याच कॉफी पिऊन बसला तर मागणी कसली? अख्ख्या शोबकमध्ये, बापजाद्यांपासून, असा गाढवपणा कुणी केला नसेल. आणखी एक ओत, असंही म्हणता येईना, कारण पेला हलवून दिला की तो दिवस संपला.

"काय झालं? विंचू चावल्यासारखी का बसलीस?" फिद्दाने विचारलं.

"काही नाही. छान आहे कॉफी," खिताम म्हणाली.

पुढचा तासभर ती खाली मान घालून चालत राहिली. घळ आता उतरती झाली होती, कातळ मागे सरत होते, निळा सरडा दगडावर बसून त्यांना वाकुल्या दाखवत होता. खितामला काही दिसत नव्हतं. खलफला काय सांगायचं? उन्हाळ्यात सालिम येणार, फिद्दा त्याच्या लिफ्टमध्ये शिरणार आणि तीही बोलायची थांबणार. तिला रडू आलं. शेवटच्या डोहाशी फिद्दाने तिचा दंड धरला आणि तिला दगडावर बसवलं. म्हणाली, गुडघे दुखतायत का मन, तेवढं सांग, म्हणजे कुठे चोळायचं ते कळेल.

मग खितामने सगळं सांगून टाकलं. पेल्याचा बेत, कपारीचं कारण, आणि आपण कशी कॉफी पिऊन बसलो ते. शेवटचं वाक्य म्हणताना तिने मान खाली घातली होती. तिने वर पाहिलं, तर फिद्दा तोंडावर रुमाल दाबून गदगदत होती. मग तिला रुमालही आवरेना. ती डोहाच्या काठावर बसली, पाण्यात पाय सोडले आणि हसली, इतकं की वर खजुरावरची काळी पाखरं उडाली.

"म्हणजे एकटी बाई जाहा घेऊन आली," ती धापा टाकत म्हणाली, "आणि कॉफी पिऊन गेली."

"हसून घे. मला माहितेय मी काय केलं ते."

"तुला कुठे माहितेय." फिद्दाने डोळे पुसले आणि तिचा चेहरा हळूहळू शांत झाला. "बरं झालं प्यालीस. पेला खाली ठेवला असतास तर मी हो म्हटलं असतं. म्हणावंच लागलं असतं. आणि मग रोज सकाळी तुझ्या भावाच्या तोंडाकडे बघून मनात आलं असतं, बाई गं, तू इथे मनानं आलीस का भिडेनं? भीड भिकेची बहीण. माझं पहिलं लग्न तसंच झालं. चुलत्यानं आपल्या मुलासाठी बाबांपुढे पेला ठेवला, बाबा म्हणाले प्या. मी तंबूच्या पडद्याआड होते, पीठ मळत. मला कुणी विचारलं नाही. माणूस चांगला निघाला ते माझं नशीब."

खितामला हे कधी सुचलंच नव्हतं. पुरुषांची रीत तिने मोठ्या हुशारीने उचलली होती, पडद्याआडच्या मुलीचा विचार न करता, आणि ती मुलगी समोरच बसली होती. तिला शरम वाटली.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता विचार. पेल्याशिवाय. नाही आलं तर नाही ऐकायची तयारी ठेवून."

खितामने पिशवी बाजूला ठेवली. "फिद्दा, आमच्या खलफशी लग्न करशील?"

फिद्दाने एक खडा उचलला, पाण्यात टाकला, दुसरा उचलला. ते दोन-चार क्षण खितामला अख्ख्या घळीहून लांब वाटले.

"हंगामात दर गुरुवारी माझ्या दारात सफरचंदाची पेटी असते," फिद्दा म्हणाली. "हंगाम नसला की सरपणाची मोळी. ठेवतो आणि पळतो. चौपन्न वर्षांचा माणूस, अगं, पळतो. मी खिडकीतून बघते. दोन वर्षं वाट बघतेय, की हा एकदा तरी थांबेल आणि दार वाजवेल. म्हणून हो. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी हो."

खितामने तिला मिठी मारायला हात पुढे केले, तसा फिद्दाने तळहात उंचावून तिला थांबवलं.

"थांब. माझंही एक मागणं आहे. कॉफी संपलीय, नाहीतर मीही पेला ठेवला असता. नाही, नसता ठेवला. कोरड्या तोंडानंच विचारते, म्हणजे तुलाही नाही म्हणायची मोकळीक. तू मआनला जायचं नाहीस."

खितामचा चेहरा पडला. हे फिद्दाला कुठून कळलं? कळायला अवघड काहीच नव्हतं. नजाहने धाकट्या बहिणीसाठी नवी गादी भरायला टाकली होती, ती नेमकी फिद्दाच्या मावसबहिणीकडे, आणि लोकर घट्ट भरायची का सैल, खितामला पाठीचा त्रास आहे का, हे विचारायला मावसबहिणीने फिद्दालाच फोन केला होता. तेव्हापासून पंधरा दिवस फिद्दा वाट बघत होती, की ही बाई कधी तोंड उघडते.

खितामने आपली बाजू मांडली. नणंदेचं काय होतं ते सांगितलं. चार घरांची नावंही घेतली.

"एका तंबूत सासू, दोन नणंदा आणि साठ बकऱ्या घेऊन मी अकरा वर्षं काढलीत," फिद्दा म्हणाली. "त्यात त्रास दिला तो बकऱ्यांनी. तू तर एकटी आहेस आणि झाडंही खात नाहीस." मग ती जवळ सरकली आणि तिचा आवाज खाली आला. "खिताम, नवरा काय, या वयात मिळाला तर मिळाला. मैत्रीण गेली तर दुसरी कुठून आणू मी? अकबाला जायला मी का कचरतेय इतके दिवस, सफरचंदांसाठी?"

खितामला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. ती नुसती उठली, फिद्दाची काठी उचलून तिच्या हातात दिली आणि चालू लागली. फिद्दानेही उत्तर मागितलं नाही. नाही म्हणायची मोकळीक दिली होती ना, ती तिने खरीच दिली होती.

घळ संपली आणि समोर फेनानची तपकिरी सपाटी उघडली. कडेच्या बाभळीखाली पिकअप उभी होती आणि पिकअपशेजारी खलफ, पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, त्यांवर अरबाची धूळ. तो बहुधा दुपारपासून उभा असावा, बसला असता तर शर्टाची इस्त्री मोडली असती. त्याने बहिणीकडे पाहिलं, फिद्दाकडे पाहायचं टाळलं आणि विचारलं, की पाणी किती होतं. खितामने सांगितलं, घोट्यापर्यंत, काही ठिकाणी कमरेपर्यंत.

"खलफ," फिद्दा म्हणाली, "सालिमचा नंबर आहे ना तुझ्याकडे? मोठ्या माणसांना घेऊन अकबाला जा. लिफ्टमध्ये सगळे एकदम शिरू नका, अडकते ती."

खलफला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. तो वळला आणि गाडीची किल्ली शोधू लागला, आधी खिशांत, मग टपावर, मग बाभळीखाली. किल्ली त्याच्या हातात होती.

पिकअपला पुढे एकच लांब बाक होता. खिताम सवयीने मागच्या हौद्याकडे निघाली. म्हणाली, मी भिजलेय, मागे बसते, तुम्ही दोघं पुढे बसा. फिद्दाने पुढचं दार उघडून धरलं.

"मधे बस."

"गिअरचा दांडा लागतो मधे."

"लागू दे."

खिताम चढली आणि सरकत मधे गेली. एका बाजूला भाऊ, धुळीचा आणि अत्तराचा वास येणारा, दुसऱ्या बाजूला फिद्दा, धुराचा वास येणारी. गाडी सुरू झाली आणि पहिला गिअर पडताच दांडा तिच्या गुडघ्यावर आदळला. घाटाची दोन वळणं झाली. फोनला रेंज आली तशी खितामने पिशवीतून फोन काढला, तो कोरडा होता, आणि मआनला लावला.

"नजाह, ती गादी भरून झाली का? ती शोबकला पाठव. हो, माझ्यासाठीच. मी माझ्या घरीच झोपणार आहे. काय झालं ते मग सांगते, आत्ता माझ्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत."

फिद्दाने खिडकीबाहेर बघत तिचा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. खलफला कसलाच पत्ता नव्हता. त्याने मान वळवून विचारलं, "कसली गादी?"

"तू समोर बघ," दोघी एकदम म्हणाल्या.